रिपोर्टमध्ये अचानक हृदयविकाराचं नाव दिसलं तर काय करावं?

दुसऱ्याच कुठल्यातरी शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या, विम्यासाठी मागवलेली जुनी फाइल, मोबाइलवर आलेला रिपोर्ट. निमित्त काहीही असो, पानं उलटताना मध्येच ‘इस्केमिक हार्ट डिसीज’ (आयएचडी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पोहोचण्याचा आजार) किंवा ‘ओल्ड एमआय’ (पूर्वी येऊन गेलेला हार्ट अटॅक) असं काहीतरी दिसतं आणि पुढचं काही डोक्यात शिरत नाही. कुठल्याही डॉक्टरांनी हे तोंडाने सांगितलेलं नसतं, छातीत कधी दुखल्याचंही आठवत नाही. मग मनात दोनच विचार येतात: ‘हे माझ्यापासून लपवलं’, नाहीतर ‘छापण्यात चूक झाली असणार’. दोन्ही घाईचे आहेत.

फाइलमधला शब्द कधी पक्कं निदान असतो, कधी नुसती शंका, कधी यंत्राचा अंदाज, तर कधी तपासणीचं कारण म्हणून टाकलेली नोंद. आपल्या कागदावर यातलं नेमकं काय आहे ते आधी शोधायचं. तो शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, ते खाली लिहिलं आहे.

आधी हे पाहा: आत्ता काही त्रास होतोय का?

छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळ होणं आणि ते काही मिनिटांत न थांबणं, दुखणं हात, जबडा, मान किंवा पाठीकडे जाणं, दरदरून घाम, बसल्याजागी धाप, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं. यातलं काहीही असेल तर वाचन इथेच थांबवा आणि रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. स्त्रियांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा कमालीचा थकवा एवढंच लक्षण असू शकतं.

असं काही नसेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. जे आज वाचलं ते बहुधा काही महिन्यांपासून, कदाचित वर्षांपासून कागदावर आहे.

हे पान तुमचंच आहे का, आणि ते कुणी लिहिलं?

नाव, वय, लिंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख हे सगळं बोट ठेवून जुळवा. एकाच नावाच्या दोन माणसांचे कागद एकमेकांच्या फाइलमध्ये जाणं दुर्मीळ नाही. त्या तारखेला तुम्ही तिथे गेला होता का? उंची, वजन, पूर्वीच्या शस्त्रक्रिया जुळतात का?

मग तो शब्द पानावर कुठे आहे ते बघा. जागेवरून बरंच कळतं. यंत्राने छापलेली ओळ, तंत्रज्ञाने भरलेलं माप, तज्ज्ञांनी सही करून दिलेला निष्कर्ष आणि दुसऱ्याच डॉक्टरांनी पाठवणी-चिठ्ठीत लिहिलेलं वाक्य, या चौघांचं वजन सारखं नसतं. आयसीडी-10 या आजारांच्या यादीतले संकेतांक असतील तर जास्तच सावध वाचा. आय-50 म्हणजे हार्ट फेल्युअर, आय-48 म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आणि फ्लटर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचे दोन प्रकार), आय-25 म्हणजे हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा जुना आजार. पण तपासणी कशासाठी सांगितली हे भरायला काहीतरी संकेतांक टाकावा लागतो, आणि ‘हा आजार नाही ना, एवढं बघा’ म्हणून पाठवलेल्या माणसाच्या नावापुढे तोच आजार कायमचा चिकटतो.

डॉक्टरी आद्याक्षरंही समजून घ्या. ‘सी/ओ’ म्हणजे रुग्णाची तक्रार. ‘एच/ओ’ म्हणजे पूर्वेतिहास. ‘एफ/एच’ म्हणजे कुटुंबातला इतिहास, तो तुमचा आजार नाही. ‘आर/ओ’ म्हणजे हा आजार नाही याची खात्री करायची आहे. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून माहीत असलेला रुग्ण. या शेवटच्यावर अडकायचं, कारण आधीपासून माहीत कुणाला होतं, हा प्रश्न तिथे रास्त आहे.

शंका निदान कशी बनते, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या कागदावर छातीत धडधडतं म्हणून आलेल्या माणसासाठी ‘? आयएचडी’ लिहिलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी तीच माहिती संगणकात भरताना ‘आयएचडी’ एवढंच येतं. प्रश्नचिन्ह गळून जातं. तिसऱ्या कागदावर ‘के/सी/ओ आयएचडी’. मधल्या काळात एकही नवी तपासणी झालेली नसते. म्हणून तो शब्द पहिल्यांदा कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारावर आला, तिथपर्यंत मागे जा. सगळे कागद तारखेप्रमाणे लावले की हे बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतं. कधी मूळ कारण औषधात असतं. प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाच्या आजारात दिली जाणारी गोळी मायग्रेनसाठी किंवा हात थरथरतात म्हणूनही देतात. गोळीवरून आजाराचा अंदाज बांधणारा कुणीतरी ‘हार्ट पेशंट’ लिहून मोकळा होतो.

ईसीजीच्या कागदावरच्या ओळी

सगळ्यात जास्त घाबरवणारा कागद हाच, आणि सगळ्यात जास्त वेळा फसवणाराही हाच. वरच्या बाजूला इंग्रजीत छापलेल्या ओळी यंत्र स्वतः लिहितं. त्याखाली किंवा कोपऱ्यात ‘अनकन्फर्म्ड’ असं असेल, तर डॉक्टरांनी ती पट्टी वाचून अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड’ ही ओळ घ्या. अर्थ असा की हृदयाच्या मधल्या पडद्याला कधीतरी झटक्याने इजा झाली असावी, केव्हा ते सांगता येत नाही. वाचून कुणाचीही गाळण उडेल. पण यंत्राने हे कशावरून ठरवलं? छातीवरच्या व्ही-1 आणि व्ही-2 या दोन लीडमध्ये (त्या जागांवरून मिळालेल्या नोंदींत) एक छोटी वरची लाट दिसली नाही, यावरून. हे दोन इलेक्ट्रोड उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना, चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावायचे असतात. घाईत ते एक-दोन फटी वर लागले तर ती लाट निरोगी माणसातही नाहीशी होते. उजव्या-डाव्या हाताच्या वायरींची अदलाबदल झाली तर पहिली लीड अख्खी उलटी छापली जाते आणि यंत्र भलतंच काही लिहितं. म्हणून पहिला उपाय सोपा आहे: ईसीजी पुन्हा, नीट जागा मोजून, आणि जमलं तर जुन्या पट्टीशेजारी ठेवून. तरी शंका उरली तर इको (हृदयाची सोनोग्राफी). खरी इजा असेल तर हृदयाचा तो भाग सहसा नीट हालत नाही. त्याउपर नक्की करायचं असेल तर हृदयाच्या एमआरआयमध्ये जखमेचा व्रण थेट दिसू शकतो.

हे वाचून ‘म्हणजे माझंही खोटंच असणार’ असं मात्र धरून चालू नका. कळलाच नाही असा हार्ट अटॅक ही खरी गोष्ट आहे, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर ‘ओल्ड एमआय’ हे शब्द चुकून आले असतील असं म्हणून सोडून देऊ नयेत.

बाकी नेहमी दिसणाऱ्या ओळी थोडक्यात. ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ म्हणजे ठोके मिनिटाला 60 पेक्षा कमी. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हे सर्रास असतं. ‘सायनस ॲऱ्हिथमिया’ म्हणजे श्वासाबरोबर ठोक्यांची गती बदलणं, तरुणांत अगदी साधी गोष्ट. ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ म्हणजे विजेचा संदेश वरच्या कप्प्यातून खाली यायला 200 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. या ‘ब्लॉक’चा रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजशी काही संबंध नाही. ‘इनकम्प्लीट आरबीबीबी’ म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला विजेचा संदेश जरा उशिरा पोहोचणं, तो निरोगी हृदयातही आढळतो.

इको रिपोर्ट वाचताना

नमुन्यादाखल एक ओळ: ‘एलव्हीईएफ 60%, नो आरडब्ल्यूएमए, ट्रिव्हियल टीआर, मायल्ड एमआर, ग्रेड 1 डायस्टॉलिक डिस्फंक्शन.’

ईएफ 60 म्हणजे हृदय 40 टक्के निकामी, असा अर्थ पुष्कळ लोक काढतात आणि झोप घालवून बसतात. डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, एवढंच हा आकडा सांगतो. तो 100 कुणाचाच नसतो. पुरुषांत साधारण 52 ते 72 आणि स्त्रियांत 54 ते 74 हे नॉर्मल धरतात. 41 ते 49 म्हणजे थोडा कमी, 40 किंवा खाली म्हणजे नक्की लक्ष घालण्यासारखा. हे माप बरंचसं बघणाऱ्याच्या नजरेवरही असतं, त्यामुळे मागच्या वर्षी 62 आणि यंदा 57 याला घसरण म्हणत नाहीत.

‘नो आरडब्ल्यूएमए’ ही या ओळीतली सगळ्यात चांगली बातमी, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही. हृदयाच्या भिंतीचा कुठलाही भाग हालचालीत मागे पडलेला नाही, असा तिचा अर्थ.

टीआर (उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप) आणि एमआर (डाव्या बाजूची मायट्रल झडप) म्हणजे त्या झडपेतून रक्त उलटं गळणं. पायऱ्या चार: ट्रिव्हियल, मायल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. ट्रिव्हियल टीआर इतक्या निरोगी माणसांत दिसतो की काही तज्ज्ञ तो लिहीतही नाहीत. मायल्डला बहुतेकदा औषध नसतं. झडपेची रचना चांगली आहे ना आणि पुन्हा कधी बघायचं, एवढं विचारून घ्यायचं. मॉडरेटपासून पुढे ठरावीक काळाने इको लागतो.

ग्रेड 1 डायस्टॉलिक डिस्फंक्शन म्हणजे ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू जरा हळू सैल पडतो. साठीनंतर हे फार जणांत असतं. चाळिशीत दिसलं तर रक्तदाब, वजन आणि साखर तपासून घ्यायचं निमित्त समजा. ‘एलव्हीएच’ म्हणजे भिंत जाड झाली आहे. बऱ्याचदा मागे वर्षानुवर्षांचा न कळलेला रक्तदाब असतो. ही जाडी 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आणि रक्तदाबाने उलगडा होत नाही असं असेल, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक आजाराचा विचार करतात.

फाइलमध्ये ‘हार्ट फेल्युअर’ असेल तर आधी शेजारी ‘स्टेज’ लिहिलंय का बघा. हृदय बंद पडतंय असा त्याचा अर्थ नाही. शरीराला हवं तेवढं काम ते आरामात करू शकत नाही, हा आहे. आणि स्टेज ‘ए’ म्हणजे तर आजारच नाही. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या कारणांमुळे पुढे होण्याचा धोका आहे, इतकंच. 2021 मध्ये या टप्प्यांची भाषा बदलून ‘ए’ला ‘धोक्यात असलेले’ आणि ‘बी’ला ‘आजाराआधीची स्थिती’ असं म्हणायला सुरुवात झाली, पण जुन्या फाइलींमध्ये आणि संगणकी याद्यांमध्ये दोन्हींपुढे ‘हार्ट फेल्युअर’ हेच शब्द राहिले आहेत.

एक्स-रे आणि सीटी

‘कार्डिओमेगली’ म्हणजे हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठी. पण एक्स-रे झोपवून, समोरून काढला असेल (कागदावर ‘एपी’ लिहिलेलं असतं) किंवा श्वास पूर्ण आत घेतलेला नसेल, तर साधं हृदयही मोठं दिसतं. इको केल्याशिवाय हा शब्द मनावर घेऊ नये.

फुप्फुसांसाठी काढलेल्या सीटीत ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ दिसणं हे मात्र निराळं. इथे यंत्राची गफलत क्वचितच असते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चरबीचे थर बसून त्यात चुना साठला आहे. वाहिनी किती अरुंद झाली हे त्यातून कळत नाही. बऱ्याचदा काहीच अडथळा नसतो. आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेल्या पद्धतीने याचा स्कोअर काढता येतो: 0 म्हणजे चुना दिसला नाही, 100 पर्यंत सौम्य, 400 च्या वर भरपूर. हा रिपोर्ट आला की डॉक्टरांशी एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल आणि ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल बोलायचं. माझ्या मते अचानक हाती लागलेल्या सगळ्या नोंदींत ही सर्वांत उपयोगाची, कारण त्रास सुरू व्हायच्या आधी काहीतरी करता येतं.

ज्यासाठी पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये

लक्षणं नसली तरी पुढची नोंद दिसल्यास एक-दोन दिवसांत डॉक्टरांना फोन करा: एट्रियल फिब्रिलेशन, पूर्वी नसलेला एलबीबीबी (डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोहोचणं), सेकंड किंवा थर्ड डिग्री ब्लॉक (संदेश अधूनमधून किंवा पूर्णच अडणं), क्यूटीसी (खालच्या कप्प्यांची विजेची एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ) 500 मिलिसेकंदांच्या वर, ईएफ 40 किंवा कमी, कुठल्याही झडपेपुढे ‘सिव्हिअर’, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) रुंदावल्याची नोंद, ‘थ्रॉम्बस’ (रक्ताची गुठळी).

एट्रियल फिब्रिलेशनचं वेगळं सांगायला हवं. काही जाणवत नाही म्हणून लोक ते सोडून देतात. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात वगैरे मोजून ठरवतात. मात्र नोंद मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या इशाऱ्यावरून झाली असेल तर आधी ईसीजीची खरी पट्टी हवी. किमान 30 सेकंदांची नोंद डॉक्टरांनी वाचलेली असावी. क्यूटीसी लांबलेला असेल तर चालू औषधांची यादी हातात ठेवूनच फोन करा. काही अँटिबायोटिक, बुरशीवरची आणि नैराश्यावरची औषधं तो आणखी लांबवतात.

डॉक्टरांकडे जाताना

मूळ पट्टी, इकोचा पूर्ण रिपोर्ट, औषधांची यादी आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झाला का, याची माहिती न्या. फोटो काढून नेले तर निदान अक्षरं वाचता येतील असे काढा.

‘मला काही झालंय का?’ असं विचारलं की ‘काही नाही, काळजी करू नका’ असं उत्तर येतं, आणि फाइलमधला शब्द जागेवरच राहतो. त्यापेक्षा बोट ठेवून विचारा: “डॉक्टर, या तारखेच्या कागदावर आयएचडी लिहिलंय. हे कुठल्या तपासणीवरून लिहिलं? तुमच्या मते मला हा आजार आहे, नाही, की अजून सांगता येत नाही?” तीनपैकी एक उत्तर मिळेपर्यंत उठू नका. पुढचे प्रश्न उत्तराप्रमाणे ठरतात. आहे म्हणाले तर: किती, उपचार काय, काय टाळू, पुढची तपासणी कधी. सांगता येत नाही म्हणाले तर: कुठल्या तपासणीने कळेल, आणि निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील तर ती तपासणी करायची कशाला? हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटतो, पण चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो. लक्षणं नाहीत, धोका कमी, अशा माणसाची टीएमटी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग एका चुकीच्या शब्दाचा पाठलाग थेट अँजिओग्राफीपर्यंत (नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्यापर्यंत) जातो.

‘मला आधी का नाही सांगितलं?’ हे जरूर विचारा, पण सगळ्यात शेवटी. आधी विचारलं तर सगळा वेळ त्या खुलाशातच जातो.

भेटीपर्यंतचे दिवस

चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल) एकदम सोडले तर ठोके आणि रक्तदाब उसळतात. तसंच घाबरून रोज ॲस्पिरिनही सुरू करू नका. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव हा त्याचा खरा धोका आहे आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवावं लागतं. रोजचं चालणं, घरकाम सुरू ठेवायला सहसा हरकत नाही. जड वजनं आणि दमछाक करणारा व्यायाम मात्र तेवढे दिवस बाजूला ठेवा, विशेषतः भिंत जाड असणं, महाधमनी रुंदावणं किंवा व्यायाम करताना चक्कर येणं यांपैकी काही असेल तर.

या दिवसांत प्रत्येक ठोका ऐकू यायला लागतो. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा धाडकन आपटतो, ते बहुधा असं असतं: एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर विश्रांती मिळते, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो. निरोगी माणसांतही हे होतं. जागरण, चहा-कॉफी आणि चिंता यांनी वाढतं. सारखी नाडी बघत बसलात तर ती वाढलेलीच सापडेल. त्यापेक्षा नियम ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब आणि नाडी मोजा आणि लिहून ठेवा. आठवडाभराची ही वही डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

रात्री इंटरनेटवर शोधणं बंद करा, हे सांगून कुणी ऐकत नाही. निदान शोधायचंच असेल तर रिपोर्टमधला पूर्ण शब्दप्रयोग शोधा. ‘ट्रिव्हियल टीआर’ शोधणं आणि ‘व्हॉल्व्ह खराब’ शोधणं, यातून मिळणारी माहिती जमीन-अस्मानाइतकी वेगळी असते. घरातल्या एकाच माणसाला, कागद समोर ठेवून, सगळं सांगा आणि भेटीला त्यालाच बरोबर न्या. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं बोलणं अर्धंच आठवतं.

नोंद चुकीची निघाली तर

डॉक्टरांनी तोंडी ‘नाही’ म्हटल्याने काम संपत नाही. तो शब्द पुढच्या भूलतज्ज्ञांना, पुढच्या विमा कंपनीला तसाच दिसणार. ज्या ठिकाणी नोंद झाली तिथे लेखी अर्ज द्या: कोणत्या तारखेचा कागद, कोणते शब्द, चूक का, सोबत नव्या तपासण्यांच्या प्रती. जुनं पान बहुतेकदा खोडत नाहीत. दुरुस्तीची नोंद तारीख-सहीने जोडतात, आणि ती पुरते. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्रही घ्या: ‘अमुक तपासण्यांनंतर अमुक आजार आढळला नाही.’ विम्याच्या अर्जात ही नोंद लपवू नका. नोंद आणि हे पत्र दोन्ही द्या. लपवलेलं सापडलं की खरा दावाही अडकतो.

नोंद खरी निघाली तर

मग पहिली चौकशी ही करा की मधल्या काळात काय राहून गेलं. दर वर्षी व्हायला हवा होता तो इको, तपासायचं राहिलेलं कोलेस्टेरॉल, सुरू व्हायला हवं होतं ते औषध. पुढचा आराखडा एका पानावर लिहून घ्या: आजाराचं पूर्ण नाव, तीव्रता, औषधं, पुढच्या तपासणीचा महिना आणि कोणतं लक्षण दिसलं तर थेट यायचं. दात काढणं असो की मोठी शस्त्रक्रिया, हे पान आधी दाखवायचं.

काही निदानं एकट्याची नसतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, जन्मजात लांब क्यूटी, दोन पाकळ्यांची महाधमनीची झडप (ही साधारण शंभरात एक-दोघांना असते) यांपैकी काही पक्कं झालं तर आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांची तपासणी करावी का, ते त्याच भेटीत विचारा. आणि घरच्यांना कळवताना डॉक्टरांनी लिहिलेलं आजाराचं नेमकं नाव जसंच्या तसं पाठवा, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना काय शोधायचं ते पहिल्याच भेटीत कळेल.